पाय फ्रेमबाहेर

अंधारात आई आली आणि मी उठून उभी राहिले. खरं तर आई त्या वेळी घरी खुर्चीत बसून गुडघ्याचे व्यायाम करत असणार, आणि स्टुडिओत माझ्याखेरीज दोनच माणसं होती. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आणि त्याच्या शेजारी पोरसवदा दिग्दर्शिका. पडदा बंद होता. दिग्दर्शिकेला चित्राशिवाय नुसती पावलं ऐकायची होती, म्हणून रेकॉर्डिस्टने गेल्या काही दिवसांत मी चालून दिलेली सगळी पावलं एकापुढे एक जोडून लावली होती. स्पीकरमधून ती आली. डावी टाच ठणकन, मागोमाग उजवं पाऊल जरासं ओढल्यासारखं, पुन्हा डावी टाच. माझी पाठ आपोआप ताठ झाली, हातातला चहाचा कप कुठे लपवावा म्हणून डोळे इकडेतिकडे शोधू लागले आणि मी स्टुलावरून उठून दोन्ही हात बाजूला घेऊन उभी राहिले. रेकॉर्डिस्टने काचेतून पाहिलं आणि माइकवर विचारलं, "काय ताई, तपासणीला कुणी आलं का?" मी हसले. हसायलाच हवं होतं. पण पुन्हा स्टुलावर बसले नाही, कारण ती चाल माझ्याच पायांनी चालली होती आणि चालताना मला त्याचा पत्ताही लागला नव्हता.

माझा धंदा पायांचा. पडद्यावरची माणसं बोलताना ऐकू येतात, पण चालतात ती जवळजवळ मुकी. चित्रीकरणाच्या गोंगाटात त्यांची पावलं हरवून जातात. मग नंतर कुणीतरी बंद खोलीत उभं राहून, पडद्याकडे डोळे लावून, त्यांच्यासाठी चालावं लागतं. ती कुणीतरी म्हणजे मी. खोलीच्या जमिनीत चौकोनी वाफे केलेले आहेत, एकात फरशी, एकात लाकडी फळ्या, एकात खडी, एकात माती. भिंतीला फडताळ, त्यात जगातले सगळे जोडे. सैनिक चालतो तेव्हा मी चालते, नर्स धावते तेव्हा मी धावते, आणि नायिका रुसून निघून जाते तेव्हाही मीच जागच्या जागी रुसून निघून जाते. लोक विचारतात, तुम्ही सिनेमात काय करता? मी सांगते, चालते. त्यावर पुढचा प्रश्न आजवर कुणाला सुचलेला नाही. मलाही हा विनोद आवडायचा. चाल सगळ्यांची द्यायची, आपली म्हणून काही नको, हा मला मोठेपणा वाटायचा. पाण्याला कुठे स्वतःचा रंग असतो, असं मी दोन-चार नवख्यांना ऐकवलंही आहे, आणि ऐकवताना स्वतःवरच खूश झाले आहे.

हा सिनेमा भुताचा होता. म्हणजे भूतही नव्हे, एक बाई. तीनशे वर्षं न मेलेली. एक अंग जुनं झालं की ती दुसऱ्याच्या अंगात शिरते, आणि ज्याचं अंग तो बिचारा कुठे जातो हे कुणी विचारत नाही. आधी एक घरमालकीण, मग एक सैनिक, मग डॉक्टरीण, मग एक माळी आणि शेवटी एक तरुण मुलगी. चेहरे निराळे, आवाज निराळे, नट निराळे. मग आत तीच आहे हे प्रेक्षकाला कळणार कसं? दिग्दर्शिकेने डोकं लढवलं होतं. ती मला म्हणाली होती, ताई, मला एक चाल द्या, जी कुठल्याही बुटात ओळखू येईल, जिच्यासमोरून माणसं आपोआप बाजूला होतात. मी म्हटलं, सोपं आहे, आणि पहिल्याच टेकला दिली. तिथेच मला शंका यायला हवी होती. पहिल्या टेकला माझ्याकडून साधा जिनासुद्धा नीट उतरून होत नाही.

आई मुख्याध्यापिका होती. शाळेचा व्हरांडा लांब, दगडी, आणि त्याच्या टोकाला तिची डावी टाच वाजली की एकेक वर्ग दिवा मालवावा तसा गप्प होत जायचा. मी त्याच शाळेत. आमच्या वर्गातल्या मुली माझ्याकडे बघायच्या, जणू मीच ती टाच वाजवते आहे. घरीही तेच. निजल्या निजल्या पॅसेजमधून येणाऱ्या पावलांवरून मी ओळखायचे, आज शाळेत काय झालं, आज माझ्या वहीत काय सापडलं, दार उघडणार की पावलं पुढे निघून जाणार. लोक विचारतात, हे काम शिकलात कुठे. मी एका संस्थेचं नाव सांगते. खरं म्हणजे ते मी पांघरुणाखाली शिकले. पण गंमत बघा, गेल्या महिन्यात आईचा डावा गुडघा बदलला. आता ती वॉकर धरून चालते, टक, सरक, टक, आणि व्हरांडे गप्प करणारी ती चाल तिच्या अंगातून गेली ती गेलीच. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वाससुद्धा टाकला होता. आणि आता ती इथे, माझ्या पायांत येऊन बसलेली. घर खाली केलं नव्हतंच तिने, फक्त वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर आली होती.

असल्या कितीतरी सिनेमांना मी पाय दिले आहेत. मरणाला टेकलेला श्रीमंत म्हातारा आपल्या तरुण ड्रायव्हरच्या अंगात शिरतो. दोन बहिणी आरशातून एकमेकींत जातात आणि थोरली परत यायचं नाकारते. कुणी शल्यविशारद आपला मेंदू काचेच्या भांड्यात ठेवून गिऱ्हाइकं शोधत बसतो. गोष्ट तीच, फक्त पडदे नवे. आणि सगळ्यांत एक खूण पक्की, नव्या अंगात जागं झालं की प्रत्येक जण आधी हात बघतो. हात वर धरतो, बोटं हलवतो, मग आरशाकडे धावतो. पायांकडे कुणीही बघत नाही. मला हे नेहमी हास्यास्पद वाटायचं. अरे, आधी उभा तर राहून बघ. दुसरी खूण अशी की शिरतो तो नेहमी म्हातारा आणि घर जातं ते नेहमी तरुणाचं. उलटं कधी होत नाही. तरुणांना म्हाताऱ्यांत शिरायची हौस कशी असेल म्हणा. प्रेक्षक किंचाळतात, एकमेकांना बिलगतात आणि घरी जातात. घरी गेल्यावर मावशी म्हणते, अगं, अगदी आईच्या वळणावर गेली आहे हो पोरगी, आणि त्यावर मात्र कुणी किंचाळत नाही. सगळे कौतुकाने हसतात. खाण तशी माती, असंही कुणीतरी म्हणतं. मीसुद्धा हसत आले आहे. त्या अंधाऱ्या खोलीत उभं राहून मला प्रथमच वाटलं की किंचाळायची जागा आपण चुकलो. सिनेमातल्या बाईला मंत्र लागतात, रक्त लागतं, अमावास्या लागते. आईला काहीच लागलं नव्हतं. ती नुसती पॅसेजमधून चालली होती, आणि मी नुसती ऐकत होते.

मग एकेक गोष्ट डोळ्यांसमोर येऊ लागली. माझ्या सगळ्या चपलांची डावी टाच आधी झिजते. मोची दर वेळी म्हणतो, बाई, एकच पाय चालतो का तुमचा? डावा गुडघा हल्ली जिना चढताना कुरकुरतो. मी वयाच्या माथी मारून मोकळी झाले होते. इमारतीतली पोरं मी आले की जिन्यातला खेळ थांबवतात, त्यांना मी सभ्य समजत होते. मला आपली चाल नाही, आपण पाणी आहोत, हा सगळा तोरा खोटाच म्हणायचा. मला चाल होती. फक्त ती माझी नव्हती. आणि ती काढून ठेवली तर खाली काय आहे, काही आहे की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. या वयात एखाद्याला कळावं की आपल्या घरात आपण भाड्याने राहतोय, तसं ते वाटलं. भीती वाटली, अगदी साधी.

त्या दुपारी शेवटचा शॉट राहिला होता. एका खोलीत ती तीनशे वर्षांची बाई आणि ती तरुण मुलगी, एकाच अंगासाठी दोघींची झटापट, दार बंद. मग दार उघडतं आणि मुलीचं अंग बाहेर येतं. पाठमोरी, अनवाणी, दवाखान्याच्या लांबलचक रिकाम्या कॉरिडॉरमधून ती चालत जाते. कॅमेरा तिच्या मागे, कमरेपासून वर. पाय फ्रेमबाहेर. चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. कॉरिडॉरच्या टोकाचं दार ढकलून ती उन्हात जाते, संपलं. आत कोण उरलं, हे फक्त पावलं सांगणार. दिग्दर्शिकेने ठरवून टाकलं होतं, बाई जिंकते. असल्या सिनेमात बाईच जिंकते, लोकांना घरी जाताना मानेवर काटा हवा असतो, आणि निर्मात्याला दुसरा भाग. मी अनवाणी फरशीवर उभी राहिले आणि चालले. डावी टाच, उजवं ओढत, डावी टाच. रेकॉर्डिस्टने अंगठा वर केला. दिग्दर्शिका म्हणाली, अंगावर शहारे आले ताई. सगळं फत्ते झालं होतं. उरलं होतं ते मिक्सिंग, सगळे आवाज एकत्र बसवणं, उद्यापासून.

मी म्हटलं, अजून एक टेक घेऊ. रेकॉर्डिस्ट म्हणाला, आता यात काय सोनं लावणार? मी म्हटलं, ही मुलगी सुटली असं समजून एकदा चालून बघते. दिग्दर्शिकेने खांदे उडवले, पण थांबवलं नाही, तिचा स्वभाव चांगला आहे. आणि मग माझी जी फजिती झाली तिला तोड नाही. सुटलेली मुलगी कशी चालेल? मी नर्सची चाल काढली, ती नर्सच वाटली. हॉटेलातल्या वेट्रेसची काढली. बसमध्ये पाहिलेल्या एका खेळाडू पोरीची काढली. माझ्याकडे चालींचा भरलेला संसार आहे, रस्त्यावरून उचललेल्या, लग्नांतून चोरलेल्या, पण प्रत्येकीवर कुणाचं तरी नाव. नावं पुसून चालायला गेले की तीन पावलांत डावी टाच ठणकन आपटायची. सिनेमाच्या सुरुवातीला मीच या मुलीला एक हलकी, सरकती चाल दिली होती, ती पुन्हा लावून पाहिली तर खोटी वाटली. एवढ्यातून गेलेलं माणूस आधीसारखं कसं चालेल? शेवटी मी वाफ्याच्या कडेला बसले. रेकॉर्डिस्ट बाहेर आला, मला पाणी दिलं आणि काहीही विनोद न करता परत गेला. त्याने विनोद केला नाही हे पाहून मला जास्तच वाईट वाटलं. दिग्दर्शिकेला मी म्हटलं, मला उद्या सकाळपर्यंत वेळ दे. ती म्हणाली, आहे तो टेक उत्तम आहे, पण या तुम्ही.

फडताळातले डॉक्टरणीचे जाड टाचेचे बूट मी पिशवीत घातले आणि घरी आणले. का आणले? खरं सांगायचं तर भांडायला. आईला तिची चाल ऐकवायची आणि म्हणायचं, ही घे, तुझी तू सांभाळ. एवढ्या वर्षांत मी तिच्याशी कधी धड भांडलेले नाही, ती ओरडायची नाहीच, नुसती चालत यायची, त्याला उत्तर काय देणार? आई आतल्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसली होती, पॅसेजकडे पाठ. फिजिओथेरपिस्ट मुलीने सांगितलेले व्यायाम करते आहे असं भासवून वर्तमानपत्राआड बिस्किट खात होती. तिला साखर आहे, बिस्किट बंद आहे. मी दाराशी बूट चढवले आणि पॅसेजमधून चालत गेले, अगदी तशी, काही हातचं न राखता. आणि माझ्या डोळ्यांदेखत व्हरांडे गप्प करणाऱ्या त्या बाईची पाठ ताठ झाली, हात झटकन खाली गेला, बिस्किट वर्तमानपत्राखाली दडपलं गेलं. ती वळली नाही. मी उंबऱ्यावर थांबले. पावलं थांबल्यावर ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "गेली का?"

"कोण?"

ती वळली. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग बुटांकडे. "तू होय," ती म्हणाली. "मला वाटलं, माझी आई."

मी म्हटलं, आई, ही तुझी चाल आहे, माझं सगळं लहानपण गेलं आहे हिच्या आवाजात. तिला ते पटेना. तिने मला पुन्हा चालून दाखवायला लावलं, मग आणखी एकदा, डोळे मिटून ऐकलं आणि ठामपणे मान हलवली. ही माझी नव्हे, ही तिची. आजीला मी पाहिलेलं नाही, ती माझ्या जन्माआधीच गेली. ती नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह चालवायची एवढं माहीत होतं. आईने त्या दिवशी बाकीचं सांगितलं. आजीचा डावा पाय लहानपणच्या आजाराने आखूड राहिला होता. म्हणून डाव्या पायावर वजन पडताना ती खाली आदळायची आणि उजवा मागून ओढून घ्यायची. वसतिगृहाच्या बायका त्या आवाजाने दिवे घालवायच्या आणि आई गोधडीत डोकं घालून श्वास मोजायची. मी विचारलं, पण तुझे पाय तर चांगले होते. आई हसली. ती हसते तेव्हा आधी आजूबाजूला बघून घेते, तसं तिने पाहिलंही.

"दोन्ही धडधाकट. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी फोटो बघून विचारलं, लहानपणी पायाला काही झालं होतं का? मी म्हटलं, नाही. मग म्हणाले, बाई, चांगल्या पायांनी जन्मभर लंगडत का चाललात? डाव्या गुडघ्याची पार माती केलीत." ती गुडघा कुरवाळत राहिली. "मला वाटायचं, मोठी बाई म्हणजे अशीच चालते. मुख्याध्यापिका झाले त्या दिवशी व्हरांड्यात पहिल्यांदा तशी चालले, आणि वर्ग गप्प झाले. मग कोण सोडतंय?"

मी तिच्यासमोर पलंगावर बसले. भांडायचं सगळं विसरून गेले. म्हणजे मी जिला घाबरत होते ती आई नव्हतीच. आईही पांघरुणाखालीच होती, माझ्या आधीपासून, फक्त पांघरूण दुसऱ्या घरातलं. आणि आजी तरी कोण होती? एक आखूड पाय सांभाळत दिवसभर जिने चढणारी बाई. तिचं दुखणं होतं ते आमच्याकडे येईपर्यंत दरारा झालं. तीनशे वर्षांच्या त्या बाईला जन्म असाच मिळाला असणार, असं मला वाटलं. कुणी मंत्र म्हटले नसतील. कुणाचा तरी पाय दुखत होता आणि कुणीतरी ते घाबरून ऐकत होतं.

मी विचारलं, आणि आता? आई वॉकरला धरून उठली. उठताना मी हात पुढे केला तो तिने बाजूला सारला. "आता हा आहे ना," ती गुडघ्यावर टिचकी मारत म्हणाली. "याला माझी आई माहीत नाही. कोरा आलाय हा. याला मी शिकवते, मला हा शिकवतो."

आणि ती चालून दाखवू लागली. फिजिओथेरपिस्टने सांगितलेलं ती तोंडाने पुटपुटत होती, ठेव, थांब, वजन पडू दे, मग उचल. मी कान देऊन ऐकलं. कान हा माझा धंदा आहे, तो मला बंद करता येत नाही. असली पावलं मी त्या घरात कधी ऐकली नव्हती. लहान, चौकस, किंचित आगाऊ. खिडकीपाशी जाऊन ती वळली तेव्हा वॉकर कपाटाला आपटला आणि ती चक्क स्वतःशी हसली, या खेपेला इकडेतिकडे न बघता. मग खुर्चीत बसून तिने वर्तमानपत्राखालचं बिस्किट काढलं आणि माझ्यासमोर खाल्लं. पंच्याहत्तरी उलटलेल्या, साखर असलेल्या, एक गुडघा पोलादाचा असलेल्या त्या बाईचा मला हेवा वाटला. जळजळीत हेवा. तिला नवं अंग मिळालं होतं, आणि त्यासाठी तिने कुणाचं घर हिसकावलं नव्हतं.

सकाळी मी स्टुडिओत गेले ती सरळ फरशीच्या वाफ्यात उभी राहिले. रेकॉर्डिस्टला म्हटलं, पडदा बंद कर. तो म्हणाला, ताई, तब्येत बरी आहे ना? पडद्याकडे न बघता पाय टाकणं आमच्या धंद्यात म्हणजे आंधळ्याने दाढी करण्यासारखं. मी म्हटलं, पाय फ्रेममध्ये नाहीत, पावलं मागेपुढे झाली तर तू सरकवशील, तेवढा हात आहे तुझा. दिग्दर्शिकेने मान डोलावली, पडदा गेला. अंधार. थंड फरशी. मी काहीच ठरवलं नाही. उजवं पाऊल ठेवलं आणि थांबले. वजन पडू दिलं. ते पडायला किती वेळ लागतो हे मला कधी माहीतच नव्हतं, आजवर वजन मी ढकलत आले होते. मग डावं. डावी टाच आपटायला आतुर होती, तिला मी म्हटलं, थांब बाई, तुझा पाय आखूड नाही. ती बावचळली. मग अख्खा तळवा एकदम टेकला, बोटं फाकली. पुन्हा उजवं. पहिली चार-सहा पावलं रांगत्या पोराने भिंत सोडावी तशी पडली, आणि मग कुठूनसं काहीतरी आलं. कुठूनसं नव्हे, खालून आलं, माझ्याच पोटऱ्यांतून. लांब ढांग, तिच्यामागे एक छोटं लगबगीचं पाऊल, पुन्हा लांब. मला कधीही वाटलं नसतं की माझी चाल अशी असेल. मी स्वतःला सावकाश बाई समजत होते आणि ही तर उंडारायला निघालेली. मी वाफा ओलांडून लाकडावर गेले, लाकडावरून खडीत गेले, खडी पायाला टोचली आणि मला हसू फुटलं, मोठ्याने, माइकवर. एवढ्या वर्षांत माइकपुढे मी श्वाससुद्धा सोडलेला नाही.

दिवे लागले. रेकॉर्डिस्ट डोक्याला हात लावून बसला होता. फरशी पुरे होती, तो म्हणाला, खडीत कशाला गेलात, आणि हसता काय. पण हे बोलताना त्याचा चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा फुलला होता. दिग्दर्शिकेने त्याला फरशीवरचा तुकडा चित्रावर लावायला सांगितलं. पावलं थोडी सरकवावी लागली, फार नाही. पडद्यावर ती पाठमोरी मुलगी चालू लागली. काल याच खांद्यांत मला ती बाई दिसली होती. आज तेच खांदे, तोच नाइट गाउन, तोच केसांचा गुंता, आणि आत कुणीतरी तिसरंच. ती दारापर्यंत गेली, दार ढकललं, ऊन आलं.

दिग्दर्शिकेने विचारलं, "ही कोण आहे?"

"मुलगी."

"पण सुरुवातीला ही अशी चालत नव्हती."

"तेव्हा ती सुटलेली नव्हती."

तिने पेनचं टोपण चावलं. "ताई, या सिनेमांत कुणी सुटत नाही. आणि सुटली म्हणावं, तर मग ती बाई गेली कुठे?"

मी म्हटलं, "जाईल कुठे? ऐकून घाबरणारं कुणी उरलं नाही, की तिला पायच राहत नाहीत."

ती काचेकडे बघत बसली. तिच्या डोक्यात निर्माता असणार, दुसरा भाग असणार, आणि आणखीही कुणीतरी असणार, कारण अचानक तिने आपली खुर्ची मागे सारली, उठली आणि खोलीत दोन-तीन पावलं टाकून पाहिली, स्वतःचीच, कान देऊन. मग ओशाळी हसली. कालचा टेक तिने ठेवून दे म्हटलं आणि आजचा लाव म्हटलं. निर्माता माझं डोकं खाईल, ती म्हणाली, खाऊ दे. रेकॉर्डिस्टने टेबलावर थाप मारली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मी शहाण्यासारखी वाफ्यातली खडी सारखी करत बसले. आजीची चाल मी काही टाकून दिलेली नाही, इतकी भारदस्त चीज कोण टाकतं? ती फडताळात आहे, सैनिकाच्या आणि डॉक्टरणीच्या शेजारी. लागली की मी घालीन, काम झालं की काढीन. मालकीण मी आहे.

दुपारी घरी आले. रस्ता तोच होता, पण मी तो पहिल्यांदा चालले, दुकानांच्या काचांत मला कुणी ओळखीचं दिसेना आणि त्याचा आनंद मावेना. डावा गुडघा जिन्यात कुरकुरला, त्याला म्हटलं, बाबा रे, वेळ लागेल, सवय आहे तुझी. लॅचची किल्ली फिरवली, चपला दाराशी काढल्या आणि अनवाणी पॅसेजमधून निघाले. लांब ढांग, छोटं पाऊल, लांब ढांग.

आतून आईचा आवाज आला, "कोण आहे?"

मी मागे फिरले आणि पॅसेज पुन्हा चालले, सावकाश, चवीने.

"कोण आहे बाहेर?" आवाज मुख्याध्यापिकेचा होता, पण त्यात खरोखरची शंका होती. मग वॉकर उचलल्याचा आवाज, आणि टक, सरक, टक, ती स्वतः बघायला निघाली. मी पॅसेजच्या मधोमध थांबले. ती दारात आली, चष्मा सारखा करून तिने मला पायांपासून वरपर्यंत न्याहाळलं. तिला पटायला वेळ लागला.

"तू होय," ती म्हणाली. "मला वाटलं, कुणी नवीनच बाई आली."

मी म्हटलं, "बरोबर वाटलं तुला."